कायद्याच्या संशोधनाची पारख

१

विद्यापीठाकडे सादर झालेल्या प्रबंधावर परीक्षकाने जो अभिप्राय लिहावयाचा असतो, त्यात काही विशेषणे ठरून गेलेली आहेत. ‘परिश्रमपूर्वक’, ‘व्यासंगपूर्ण’, ‘विषयाचा सर्वांगीण परामर्श घेणारा’ ही त्यांपैकी नेहमीची होत. कायद्याच्या विषयावरील प्रबंधाला तर ती विशेष सहजतेने लावता येतात. चारशे पृष्ठे, सहाशे तळटीपा, दीडशे निवाड्यांची सूची आणि शेवटी कायद्यात दुरुस्ती सुचविणारी दहा-बारा कलमे, एवढा संभार समोर असला म्हणजे परिश्रम झाले आहेत हे नाकारता येत नाही. परंतु प्रबंध मिटल्यावर परीक्षकाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : हा ग्रंथ वाचण्यापूर्वी मला जे ठाऊक नव्हते, असे याने मला काय सांगितले? बरेचदा या प्रश्नाचे उत्तर देताना लेखणी अडखळते, आणि नेमक्या अशाच वेळी ‘परिश्रमपूर्वक’ हा शब्द उपयोगी पडतो.

कायद्याच्या संशोधनाचा कस कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ परीक्षकांच्या सोयीचा नाही. ज्या विद्यार्थ्याला आपले काम चांगले की सामान्य हे ओळखण्याची कसोटी कोणी दिलेली नसते, तो कसोटीऐवजी नमुना शोधतो. आणि गतवर्षी मान्य झालेला प्रबंध हाच त्याचा नमुना होतो. अशा रीतीने सामान्यपणाची परंपरा निर्माण होते, व ती मोडण्याची जबाबदारी पुढे कोणाचीच राहत नाही.

गुणवत्ता ठरविण्याचे बाह्य उपाय विद्यापीठ अनुदान आयोगाने वेळोवेळी करून पाहिले आहेत. २०१८ च्या विनियमांनी अन्य लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत क्षम्य मानले, व त्यापुढील साम्याला चढत्या श्रेणीने शिक्षा ठरविली. नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी करण्यात आली. २०२५ साली ती बंद झाली. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट २०२२ च्या विनियमांतून गेली. या फेरबदलांवरून एवढे दिसते की, जे मोजता येते त्याच्या आधाराने जे पारखावयाचे त्याचा निर्णय लावण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा झाला आणि पुनःपुन्हा अपुरा ठरला. साम्याच्या टक्केवारीचेच पाहा. चोरी पकडण्यास ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण निवाड्याच्या शिरोभागी छापलेला सारांश ज्याने स्वतःच्या शब्दांत उतरवून काढला, त्याचे साम्य शून्याच्या जवळ येते, आणि त्याचे संशोधनही शून्याच्या जवळ असते. पहिले शून्य यंत्र दाखविते. दुसरे दाखविण्यास माणूसच लागतो.

ब्रिटनमध्ये विद्यापीठीय संशोधनाची जी राष्ट्रीय तपासणी होते, तीत मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा अशा तीन कसोट्या सांगितलेल्या आहेत. तेथे कायद्याचे परीक्षक लेख वाचून निर्णय देतात. या तीन शब्दांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. मात्र ते कोणत्याही शास्त्राला लागू पडणारे असल्यामुळे कायद्याच्या अभ्यासकाला त्यांतून मार्गदर्शन थोडे मिळते. कायद्याच्या क्षेत्रात मौलिक कशास म्हणावे, आणि काटेकोरपणा कोठे दिसतो, हे प्रत्यक्ष कृतींच्या आधारानेच ठरविले पाहिजे. सुदैवाने अशा कृती शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

२

कृतींकडे वळण्यापूर्वी या विषयाची एक अडचण सांगितली पाहिजे. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक ज्या वस्तूचा अभ्यास करतो, ती वस्तू त्याला आज्ञा करीत नाही. कायद्याच्या अभ्यासकाचे साहित्य मात्र स्वतःच अधिकारवाणीने बोलत असते. सर्वोच्च न्यायालयाने अमुक म्हटले, म्हणून तो कायदा झाला. वकिलाला एवढे पुरे असते. संशोधकाला ते पुरे होता कामा नये. न्यायालयाने जे म्हटले ते आधीच्या निर्णयांशी, कायद्याच्या शब्दांशी व समोरच्या वस्तुस्थितीशी जुळते काय, हे पाहण्यासाठीच त्याची नेमणूक आहे. आमच्याकडील पुष्कळसे प्रबंधलेखन अधिकार आणि प्रमाण यांतील हा भेद विसरल्यामुळे निर्जीव झाले आहे.

दुसरी अडचण वकिली वळणाची आहे. कायद्याचे शिक्षण मुळात एका पक्षाची बाजू मांडण्याचे शिक्षण असते. प्रतिकूल निवाडा ‘वस्तुस्थितीच्या दृष्टीने निराळा’ म्हणून बाजूस सारणे हे वकिलाचे कौशल्य होय. संशोधकाच्या बाबतीत तोच दोष ठरतो. तेव्हा प्रबंध वाचताना परीक्षकाने प्रथम पाहावे ते हे की, लेखकाच्या मताला सर्वांत अडचणीचा असलेला आधार त्याने कोठे व कसा मांडला आहे. तो मजकुरात असेल तर आशेला जागा आहे. तळटीपेत असेल तर संशय घ्यावा. मुळीच नसेल, तर ग्रंथाची उरलेली पृष्ठे सावधपणे वाचावीत.

३

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. काणे हे मुंबई उच्च न्यायालयाचे वकील. नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९२६ साली निघाली. त्या ग्रंथाला जोडावयाच्या प्रस्तावनेसाठी धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा आढावा घेता घेता विषय इतका विस्तारला की, त्याचा स्वतंत्र इतिहास लिहावा लागला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली आला. पुढील वर्षी काण्यांना भारतरत्न मिळाले. ही हकीकत बहुतेकांना माहीत असते, आणि तिच्यावरून चिकाटीचा धडा काढला जातो. आम्हांला तिच्यातून निराळी गोष्ट घ्यावयाची आहे. प्रश्न आधी व्यवहारातला होता, ग्रंथ त्यामागून आला. मुंबई इलाख्यातील न्यायालये ‘मयूखा’ला प्रमाण मानीत होती, गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे तर ‘मिताक्षरे’हूनही त्याचा अधिकार मोठा धरीत. अशा ग्रंथाचा पाठ शुद्ध नसेल, तर त्याचा परिणाम वारसाच्या घरादारावर होणार होता.

हे केवढे खरे आहे, हे दत्तकविधानाच्या एका वचनावरून दिसेल. स्त्रीने पतीच्या अनुमतीवाचून पुत्र देऊ वा घेऊ नये, अशा आशयाचे वसिष्ठाचे एक वचन आहे. वचन एक, पण त्याचे अर्थ चार झाले. मिथिलेच्या पंडितांनी अनुमती दत्तक घेतेवेळीच हवी असे धरले. साहजिकच विधवेला दत्तक घेणे अशक्य झाले. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुमती त्याच्या मृत्यूनंतरही चालते असे मानले. दक्षिणेत पतीच्या अनुमतीची जागा सपिंडांची संमती भरून काढू शकते असे ठरले. आपल्याकडे ‘मयूख’ व ‘कौस्तुभ’ यांनी ते वचन पती हयात असलेल्या स्त्रीपुरतेच आहे असा अर्थ लावला, आणि पश्चिम हिंदुस्थानातील विधवेला पतीच्या आज्ञेवाचून दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा राहिला. एका ओळीच्या अर्थभेदाने चार प्रांतांतील विधवांचे भवितव्य चार प्रकारचे झाले.

या ठिकाणी दोन प्रकारचे संशोधक कल्पावेत. एक चारही अर्थ क्रमाने नोंदवील व पुढल्या प्रकरणाकडे जाईल. दुसरा विचारील : एका वचनातून चार अर्थ निघतात, तर अर्थ लावण्याचे नियम कोणते? ते मीमांसेतून आले, की प्रत्येक प्रांतातील रूढीला आधार शोधताना मागाहून जुळविले गेले? पहिल्याचे काम उपयुक्त आहे, पण ते सूचीचे काम आहे. संशोधनाला दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ होतो. काण्यांच्या ग्रंथाचे मोठेपण असे की, पहिले काम त्यांनी इतक्या पूर्णतेने केले की दुसरा प्रश्न टाळणेच अशक्य झाले. अनुकूल व प्रतिकूल वचने ते एकाच प्रामाणिकपणाने मांडतात, काल ठरविण्याचे आधार उघड करतात, आणि उच्च न्यायालयांचे व प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय मूळ वचनाशी ताडून पाहण्यास कचरत नाहीत. त्यांचा निष्कर्ष अमान्य करावयाचा असला, तरी त्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्याच पानांत सापडते. आमच्या मते उत्तम संशोधनाची ही पहिली खूण होय : आपल्याला खोडून काढण्याची साधने ते वाचकाच्या हाती देते.

तथापि मोठ्या ग्रंथाचीही मर्यादा सांगितलीच पाहिजे. काण्यांचा इतिहास हा मुख्यतः ग्रंथांचा इतिहास आहे. शास्त्रकारांनी काय सांगितले हे त्यातून जितके स्पष्ट होते, तितके गावच्या पांढरीत प्रत्यक्ष काय घडत होते हे होत नाही. रूढीची चर्चा त्यांत आहे, पण ती वचनांच्या मागून येते. आणि गंमत अशी की, कायद्याने स्वतःच हा क्रम उलटा लावला होता. १८६८ साली रामनाडच्या दत्तकाच्या खटल्यात वरील चार अर्थांचा परामर्श घेऊन प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, हिंदु धर्मशास्त्राच्या व्यवस्थेत रूढीचा स्पष्ट पुरावा लेखी वचनाला मागे सारतो. वचन तेवढे वाचणारा अभ्यासक, न्यायालयाच्या दृष्टीनेही, अर्धाच कायदा वाचीत होता.

४

हा दुसरा अर्धा भाग शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची चौकशी करून १८२७ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. शास्त्र्यांना विचारून न थांबता जातीजातींच्या प्रमुखांना विचारण्याची त्याची पद्धत त्या काळाच्या मानाने पुढची होती. पण प्रश्न विचारणारे सरकार होते, आणि उत्तर देणाऱ्यांना आपल्या उत्तराचा उपयोग काय होणार याची कल्पना होती. प्रमुखांनी सांगितलेली रूढी म्हणजे जातीची रूढी, की जातीतील प्रमुखांना सोयीची रूढी, हा प्रश्न स्टीलने केला नाही. आज हाती प्रश्नावली घेऊन हिंडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण तो करतात?

वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. १६०० ते १८१८ या काळातील महजर, निवाडपत्रे व सरकारी आज्ञा यांच्या आधारे ती व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालत होती, हे त्यांनी दाखविले. पाटीलकीचा तंटा गोतापुढे कसा येई, वादी-प्रतिवादी कोणत्या अटींवर निवाडा मानण्याचे कबूल करीत, साक्षीने निकाल न लागला तर दिव्य करण्याची पाळी कशी येई, महजरावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या कशा पडत, या गोष्टी स्मृतिग्रंथांतून कळण्यासारख्या नाहीत. राजाने धर्मासनावर बसून अठरा व्यवहारपदांचा निर्णय करावा, हे शास्त्रात आहे; गावचे वतनदार व बलुतेदार एकत्र बसून वाद तोडीत, हे कागदांत आहे. कागद वाचल्याखेरीज ‘मराठेशाहीत न्याय असा होता’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही, ही शिस्त गुण्यांच्या ग्रंथाने घालून दिली.

येथेही टीकेला जागा आहे. जुने कागद जपून ठेवण्यात ज्यांचे हित होते, त्यांचेच कागद आपल्यापर्यंत आले. ज्याला वतन होते त्याने महजर पिढ्यान् पिढ्या पेटीत ठेवला. ज्याला वतन नव्हते त्याच्या तक्रारीचा कागद झालाच असला, तरी तो राखण्याचे त्याला कारण नव्हते. तेव्हा महजरांवरून उभे राहणारे न्यायाचे चित्र हे बव्हंशी वतनदारांच्या न्यायाचे चित्र असते. कोणताही पुरावा कोणी, कशासाठी आणि कोणाला वगळून जपला, याचा हिशेब देणे ही कायद्याच्या संशोधनाची दुसरी खूण मानावी. हा नियम जुन्या दप्तरापुरता नाही. आजच्या निवाडासंग्रहांतही अपिलात जाण्याची ऐपत असलेल्यांचेच वाद छापले जातात. खालच्या न्यायालयात हरून घरी गेलेल्या माणसाचा खटला कोणत्याही प्रबंधाच्या सूचीत सापडत नाही.

५

वरील दोन उदाहरणांवरून असे वाटण्याचा संभव आहे की, दीर्घ कालावधी व विपुल साधने यांवाचून चांगले संशोधन होत नाही. हा समज दूर करण्यासाठी तिसरे उदाहरण निराळ्या जातीचे घेऊ.

त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या आरोपातून सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निर्णय प्रसिद्ध आहे. एका वर्षाने, १९७९ च्या सप्टेंबरात, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शेवटची दोन नावे पुण्याची आहेत.

ते पत्र काही पृष्ठांचेच आहे. त्याला ग्रंथसूची नाही, गृहीतकांचे प्रकरण नाही. पण त्यातील युक्तिवाद तपासून पाहावा. अंगावर जखमा नाहीत व आरडाओरड झाल्याचा पुरावा नाही, यावरून न्यायालयाने संमतीचे अनुमान काढले होते. पत्रलेखकांनी दाखविले की, नाइलाजाने मान तुकविणे आणि संमती देणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीच्या अस्तित्वावरून दुसरीचे अनुमान निघत नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याच्या बंद भिंती, मुलीचे वय आणि तिची सामाजिक स्थिती या गोष्टी उच्च न्यायालयाने विचारात घेतल्या होत्या; त्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातून कशा निसटल्या, हेही त्यांनी दाखविले. शिवाय स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यावर बोलावण्याबद्दल त्याच न्यायालयाने त्याच वर्षी नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात कडक शब्दांत मतप्रदर्शन केले होते. या निर्णयात त्याचा मागमूस नाही, ही विसंगती त्यांनी उघड केली. त्यांची तक्रार भावनेची होती, पण आक्षेप तर्काचे होते.

फेरविचाराचा अर्ज यशस्वी झाला नाही. परंतु देशभर चर्चा झाली, विधि आयोगाने १९८० साली आपल्या ८४ व्या अहवालात या विषयाचा परामर्श घेतला, आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, हे तत्त्व पुराव्याच्या कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते राहिले आहे.

यावर एक आक्षेप सहज येईल. हे पत्र म्हणजे चळवळीचे साधन होते. त्याला संशोधन कसे म्हणावे? आमचे उत्तर असे की, लेखकाची कळकळ ही संशोधनाची बाधक नाही, तिची लपवालपवी बाधक आहे. आपण कोणत्या मूल्याच्या बाजूने उभे आहोत हे पत्रलेखकांनी लपविले नाही. त्यामुळे वाचकाला त्यांची कळकळ व त्यांचा तर्क वेगळे करून तपासता आला. तर्क चुकीचा असता, तर तो कळकळीने तरला नसता. निर्णयाचा दुवा न् दुवा तपासून जेथे साखळी तुटली ते स्थान बोटाने दाखविणे, ही कायद्याच्या संशोधनाची तिसरी खूण होय. आणि तिला पृष्ठसंख्येची अट नाही.

६

न्यायालयाने आपल्या निर्णयात लेखाचा उल्लेख केला, ही अनेक जण गुणवत्तेची निर्विवाद पावती समजतात. तीही सावधपणेच घ्यावी. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा असतात, हा विचार जर्मन अभ्यासक डीटरिख कोनराड यांनी १९६५ साली बनारस हिंदु विद्यापीठातील व्याख्यानात मांडला. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात तो न्यायालयापुढे ठेवला गेला, पण निकाल दुसऱ्याच आधारावर झाला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांनी कोनराडचा नावाने आधार घेतला, व संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत प्रस्थापित झाला. व्याख्यान तेच होते. १९६८ साली कोणी न्यायालयीन स्वीकारावरून त्याची परीक्षा केली असती, तर ते नापास झाले असते. न्यायालयाचा स्वीकार विचाराची उपयुक्तता दाखवितो. पण स्वीकार होईपर्यंत विचार कमी खरा होता, असे म्हणता येत नाही. उलट, एखादे पाठ्यपुस्तक शंभर निवाड्यांत उद्धृत होते, कारण ते ग्रंथालयात हाताशी असते.

७

आता या तीन खुणा आपल्या परिसरातील विषयाला लावून पाहू. हा लेख सातपूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी लिहिला जात आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या वसाहतीतील कंत्राटी कामगार व त्यांचे कायदेशीर संरक्षण हा विषय घेतला. विषय उत्तम आहे, पण त्यावर तीन प्रकारचे प्रबंध लिहिता येतील.

पहिला प्रकार निवाड्यांच्या माळेचा. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा. १९९६ च्या डिसेंबरातील एअर इंडिया प्रकरणाचा निर्णय, ज्याने कंत्राट-पद्धती बंद झाल्यावर कामगार आपोआप मूळ मालकाकडे येतात असे ठरविले. २००१ च्या ऑगस्टमधील स्टील ऑथॉरिटीचा निर्णय, ज्याने तो रद्द केला. त्याच वर्षीचे कल्याणी स्टील्स व सिप्ला हे निर्णय. सर्व क्रमाने येईल, सर्व बिनचूक असेल, आणि हे सर्व निवाडासंग्रहात आधीच असेल.

दुसरा प्रकार प्रश्नावलीचा. दोनशे कामगारांना ‘आपल्याला आपले हक्क माहीत आहेत काय?’ असे विचारावयाचे, बहुतेकांनी ‘नाही’ म्हणावयाचे, आणि त्यावरून जनजागृतीची शिफारस करावयाची. पर्यवेक्षक जवळ उभा असता कामगाराने दिलेल्या उत्तराची किंमत काय, याचा विचार त्यात नसतो. स्टीलचीच चूक दोनशे वर्षांनी येथे पुन्हा होते, आणि ती करण्याला स्टीलइतकी सबबही नसते.

तिसरा प्रकार दुर्मीळ आहे. कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा १९७१ चा कायदा हे महाराष्ट्रातील कामगाराचे एक प्रमुख शस्त्र. सिप्लाच्या निर्णयाचा परिणाम असा झाला की, मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखालील तक्रार चालत नाही. ते नाते आधी अन्य न्यायाधिकरणात सिद्ध करावे लागते. वकिलाच्या दृष्टीने हा अधिकारितेचा मुद्दा आहे. संशोधकाने मात्र पुढे विचारावे : २००१ नंतर नाशिकच्या कामगार व औद्योगिक न्यायालयांतील अशा तक्रारींचे काय झाले? ज्या निघाल्या, त्यांतील किती कामगार दुसऱ्या दारी गेले? कंत्राट खरे की केवळ कागदी, हे ठरविण्यासाठी न्यायाधीशांनी कोणता पुरावा ग्राह्य धरला : हजेरीपट, वेतनचिठ्ठी, की कामगाराची तोंडी साक्ष? या प्रश्नांची उत्तरे छापील संग्रहात नाहीत. ती रोजनाम्यांत आणि निकाली काढलेल्या दप्तरांत आहेत. तेथपर्यंत जाण्यास परवानगी लागते, वेळ लागतो, आणि मराठी वाचता यावे लागते.

शेवटच्या अटीवर थोडे थांबले पाहिजे. १९९८ पासून महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावे, साक्षी व अनेक निकाल मराठीत होतात. त्यांवरील प्रबंध मात्र बहुधा इंग्रजीत होतात, व त्यांच्या आधारांत मराठी कागद अपवादाने दिसतो. ज्या भाषेत कामगाराची साक्ष नोंदली गेली, तिच्यात ‘कामावर ठेवले’, ‘कामावर लावले’ आणि ‘ठेकेदाराकडून आलो’ यांत अर्थाचे जे अंतर आहे, तेच त्या खटल्यातील वादाचे मूळ असू शकते. वसिष्ठाच्या एका ओळीसाठी जी भाषिक दक्षता काण्यांनी दाखविली, तिच्यापेक्षा कमी दक्षतेला सातपूरच्या कामगाराची साक्ष पात्र आहे, असे मानण्याचे काहीच कारण नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा त्यांनी घेतली. या घटनेने एक आयती कसोटी मिळाली आहे. विधिमंडळाने शब्द बदलले की कायद्याची सारी ग्रंथसंपदा रद्दी होते, अशी खंत किर्शमान या जर्मन विधिज्ञाने १८४७ साली बर्लिनच्या व्याख्यानात व्यक्त केली होती. पहिल्या प्रकारच्या प्रबंधाविषयी ती अक्षरशः खरी ठरली. तिसऱ्या प्रकारच्या प्रबंधाला नव्या संहितांमुळे उलट महत्त्व येईल. कारण मालक कोण हे सिद्ध करण्याची कामगाराची अडचण कलमाचा क्रमांक बदलल्याने नाहीशी होत नाही. कायदा रद्द झाल्यावरही जे वाचावेसे वाटते, ते संशोधन.

८

या विवेचनावर असे म्हटले जाईल की, या खुणा परीक्षकाच्या व्यक्तिगत रुचीवर सोपविलेल्या आहेत. आकड्यांत निदान पक्षपात नसतो. आक्षेपात तथ्य आहे. अभिप्राय मैत्रीने लिहिले जातात, हे सर्वांना माहीत आहे, आणि प्रस्तुत लेखकानेही ‘परिश्रमपूर्वक’ हा शब्द ज्या प्रबंधावर लिहू नये त्यावर एकदा लिहिला आहे. परंतु याचा उपाय निर्णय यंत्राकडे सोपविणे हा नव्हे. न्यायाधीशाच्या पक्षपातावर आपण जो उपाय योजतो, तोच येथे योजावा : निर्णय सकारण असावा व तो उघड असावा. परीक्षकाने लेखी सांगावे की, प्रबंधाने कोणता नवा प्रश्न विचारला, त्याला सर्वांत प्रतिकूल असलेला आधार कोणत्या पृष्ठावर आहे, पुराव्याच्या उणिवा लेखकाने कोठे मान्य केल्या आहेत, आणि कोणता दुवा त्याने स्वतः तपासला. या चार प्रश्नांची उत्तरे पृष्ठक्रमांकांसह द्यावी लागली, तर ठरीव विशेषणांना आपोआप रजा मिळेल. असे अभिप्राय प्रबंधासोबत ग्रंथालयात ठेवले, तर परीक्षकाचीही परीक्षा होईल. ती त्याला जड जाऊ नये. न्यायाधीश ती रोज देतो.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे की, विषय निवडताना आरंभी कोणाच्या तरी अडचणीचा खरा प्रश्न हाती घ्यावा. तो विधवेच्या दत्तकाचा असो, वतनाच्या तंट्याचा असो, वा फाटकाबाहेर उभ्या केलेल्या कामगाराचा असो. प्रश्न खरा असला म्हणजे अपुरे उत्तर चालत नाही; अपुरेपणा त्याला लगेच टोचू लागतो, आणि त्या टोचणीनेच संशोधक दप्तरापर्यंत जातो. परीक्षकाचा अभिप्राय फार उशिरा येतो. प्रबंधाची पहिली पारख लिहिणाऱ्यालाच, लिहीत असताना, करावी लागते.